टर्बो गाडीत पेट्रोल किती टाकायचं हे ईसीयूला कळतं कसं? स्पीड डेन्सिटी, सावकाश आणि आकड्यांसकट

पेट्रोल इंजिनाचा सगळा कारभार एका हिशोबावर चालतो, आत्ता या सिलिंडरमध्ये हवा किती गेली आणि तिला पुरेल एवढं पेट्रोल किती. पेट्रोल मोजणं त्यातल्या त्यात सोपं, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा एवढंच ठरवायचं असतं. अवघड आहे ते हवा मोजणं. हवा दिसत नाही, ती गरम झाली की फुगते, दाबली की आकसते, आणि टर्बो लावला की अर्ध्या सेकंदात दुप्पट होते. आमच्या इंदुरात टर्बो गाड्यांमध्ये स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्या जागी लावायचा, आपण सेट करायचा इंजिनाचा कॉम्प्युटर) बसवणारी पोरं आता बरीच दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची गाडी याच जागी अडते, म्हणून जरा बैजवार लिहितोय.

हवा मोजायचे मुख्य रस्ते दोन. एक म्हणजे एअर फिल्टरनंतरच्या पाइपात मास एअर फ्लो मीटर बसवायचा, तो आत जाणारी हवा थेट मोजतो. दुसरा म्हणजे हवा मोजायचीच नाही, हिशोबाने काढायची, आणि हीच स्पीड डेन्सिटी. पद्धत काही नवी नाही हं, बॉशने १९६७ मध्ये डी-जेट्रॉनिक आणलं आणि फोक्सवॅगनच्या १६०० मध्ये बसवलं तेव्हा तेही मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतल्या) दाबावरूनच पेट्रोल ठरवत होतं. आज मेगास्क्वर्ट घ्या, स्पीडुइनो घ्या, नाहीतर महागातला कुठला ईसीयू घ्या, आतलं गणित तेच.

गणित म्हणजे अकरावी-बारावीत केलेला गॅसचा नियम, दाब गुणिले आकारमान वगैरे. मॅनिफोल्डमध्ये दाब किती हे मॅप सेन्सर सांगतो, हवा किती गरम हे इनटेक टेम्परेचरचा सेन्सर सांगतो, सिलिंडर केवढा हे आपल्याला माहीतच असतं. दाबाला २८७ (हवेचा ठरलेला स्थिरांक) आणि तापमानाच्या गुणाकाराने भागलं की हवेची घनता मिळते (तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे), घनतेला सिलिंडरच्या मापाने गुणलं की हवेचं वजन मिळतं, आणि आरपीएमवरून अशा किती खेपा होतात ते कळतं.

पण एक गोष्ट उरते. सिलिंडर कधी पुरता भरतो, कधी नाही. सिटी बसचं बघा, सीट चाळीस असल्या तरी स्टॉपवर दार किती वेळ उघडं राहतं, दार केवढं आहे, आतले उतरले की नाहीत, यावर किती माणसं चढणार ते ठरतं. सिलिंडरचंही तसंच, व्हॉल्व्ह किती वेळ उघडा, पोर्ट कसे, जुना जळका गॅस पूर्ण बाहेर गेला की थोडा आतच राहिला, यावर तो ६० टक्के भरेल की ९५ टक्के हे ठरतं. हीच व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी, सगळे व्हीई म्हणतात. ही कुठला सेन्सर सांगत नाही. ही आपण भरायची असते, एका टेबलमध्ये, आडवा आरपीएम आणि उभा मॅनिफोल्डचा दाब. लोक ज्याला मॅपिंग म्हणतात त्यातलं अर्धं काम हे टेबल भरणं.

इथेच पहिला घोटाळा होतो. पुष्कळांना वाटतं बूस्ट, म्हणजे टर्बोचा वाढीव दाब, आला की हवा दीडपट-दुप्पट जाते, म्हणजे व्हीई पण १५०-१८० लागणार. तसं नाही. दाब आधीच गणितात धरलाय, त्यामुळे बूस्टचा गुणाकार आपोआप होतो, आणि व्हीई ८० ते १०५ च्या आतबाहेरच राहते. एखाद्या टेबलमध्ये बूस्टच्या ओळींत १४०-१५० दिसले तर समजायचं की दुसरीकडे काहीतरी चुकलंय, इंजेक्टरचा आकडा खोटा असेल, पेट्रोलचं प्रेशर पडत असेल, नाहीतर मॅप सेन्सरचं कॅलिब्रेशन चुकलं असेल, आणि ते सगळं कुणीतरी व्हीई वाढवून झाकलंय.

आता आकडे घालून बघू, त्याशिवाय गंमत नाही. लिनिया टी-जेटचं इंजिन घेऊ, १३६८ सीसी, चार सिलिंडर, म्हणजे एकात ३४२ सीसी. मॅनिफोल्डमध्ये १८० केपीए (किलोपास्कल), इंटरकूलरनंतर (तो टर्बोने तापवलेली हवा थंड करतो) हवा ५० डिग्री. घनता निघते लिटरला १.९४ ग्रॅम, ३४२ सीसीत ०.६६ ग्रॅम, व्हीई ९० टक्के धरली तर एका खेपेला साधारण ०.६ ग्रॅम हवा. फुल बूस्टला मिश्रण थोडं रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवतात, लॅम्बडा (असलेली हवा भागिले पूर्ण जळायला लागणारी हवा) ०.८२ धरू. आजकाल पंपावर मिळतं ते ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं), त्याला एक ग्रॅमला पूर्ण जळायला साधारण १३.५ ग्रॅम हवा लागते, तर ०.८२ ने गुणून ११ च्या जवळ. ०.६ ला ११ ने भागा, ५४ मिलिग्रॅम पेट्रोल. ते झालं ७२ मायक्रोलिटर. समजा इंजेक्टर मिनिटाला ३०० सीसीचे आहेत, म्हणजे मिलिसेकंदाला ५ मायक्रोलिटर, तर १४.४ मिलिसेकंद उघडे ठेवावे लागतील, वर उघडायला लागणारा साधारण १ मिलिसेकंद, एकूण १५.४. सहा हजार आरपीएमला एका सिलिंडरची पूर्ण खेप २० मिलिसेकंदात होते, म्हणजे इंजेक्टर ७७ टक्के वेळ उघडा. ठीक आहे, चालतंय.

आता गाडीचा मालक म्हणाला भाऊ बूस्ट थोडा वाढव ना, २२० केपीए कर. इंजेक्टर १८.६ मिलिसेकंद लागेल, २० पैकी ९३ टक्के. हे ८५ च्या वर न्यायचं नसतं, कारण त्यापुढे इंजेक्टर नीट बंद व्हायच्या आतच परत उघडतो आणि पेट्रोल हिशोबाप्रमाणे पडत नाही, इंजिन लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), ते पण नेमकं फुल बूस्टवर. व्हीईचं टेबल कितीही सुंदर असो, तिथे काही उपयोग नाही, मोठे इंजेक्टर लागतील. म्हणून हा हिशोब लॅपटॉप उघडायच्या आधी कागदावर करावा, पाच मिनिटांचं काम आहे.

वर ई-२० मुद्दाम घेतलं. जुन्या चार्टमध्ये एएफआरचे (एक ग्रॅम पेट्रोलला किती ग्रॅम हवा) १४.७ आणि १२ असे आकडे असतात, ते शुद्ध पेट्रोलचे. ई-२० ला त्याच लॅम्बडासाठी साधारण ९ टक्के जास्त पेट्रोल लागतं. त्यात बरेच वाइडबँड गेज एक्झॉस्टमधून लॅम्बडा मोजतात आणि १४.७ ने गुणून दाखवतात, मग आत ई-२० असलं तरी मिश्रण बरोबर असताना गेज १४.७ च दाखवेल. त्यामुळे एएफआरवर भांडत बसण्यापेक्षा सगळं लॅम्बडात ठेवा. एक म्हणजे बरोबर, त्याच्या वर लीन, खाली रिच, पेट्रोल कुठलंही असो.

टर्बोवाल्यांना स्पीड डेन्सिटी आवडते त्याला कारणं आहेत. एअर फ्लो मीटर पाइपात अडथळा करतो आणि त्याला स्वतःची मर्यादा असते, मोठा टर्बो लावला की तो टोकाला जातो. शिवाय मीटरने मोजलेली हवा ब्लो-ऑफ व्हॉल्व्हने बाहेर सोडून दिली तर ईसीयूला ते कळतच नाही, तो त्या हवेचंही पेट्रोल टाकतो, म्हणून गिअर बदलताना गाडी धूर सोडते, अडखळते. स्पीड डेन्सिटीत मॅनिफोल्डमध्ये जे आहे तेच मोजलं जातं, बाहेर किती गेली याच्याशी देणंघेणं नाही. इंटरकूलरचा पाइप थोडा लीक असला तरी पेट्रोल बरोबरच पडतं, फक्त टर्बोला जास्त राबावं लागतं.

किंमत मात्र मोजावी लागते. एअर फ्लो मीटरवाली गाडी एक्झॉस्ट बदलला, कॅम बदलला तरी बऱ्यापैकी सांभाळून घेते, इथे तसं होत नाही. इंजिनाच्या हवेच्या वाटेत काहीही बदललं की व्हीई बदलते आणि टेबल परत बघावं लागतं. टर्बो बदलला तरीसुद्धा, कारण टर्बाइन लहान असेल तर एक्झॉस्टमध्ये दाब तुंबतो, जळका गॅस आतच राहतो आणि वरच्या आरपीएमला व्हीई पडते. कुणी म्हणालं की मित्राच्या सेम गाडीचं टेबल टाकून दे, तर सुरुवात म्हणून टाका, पण त्यावर बूस्ट मारू नका.

आता उंचीचं बघू, कारण इंदूर-बडोदा हा आपल्याकडचा नेहमीचा रस्ता, निम्म्या लोकांचे नातेवाईक तिकडे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, हवेचा दाब ९५ केपीएच्या आसपास. बडोदा जवळजवळ समुद्रसपाटीलाच, तिथे १०१. सहा केपीएचा फरक. वेस्टगेटची (टर्बोचा बूस्ट आवरणाऱ्या व्हॉल्व्हची) स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या तुलनेत काम करते, तर ०.८५ बारचा बूस्ट इंदुरात ९५ अधिक ८५, म्हणजे १८० केपीए, आणि बडोद्यात १८६. गेजवर तोच काटा, पण हवा तीन टक्क्यांहून जास्त. मॅप सेन्सर खरा एकूण दाब मोजतो म्हणून ईसीयू तेवढं पेट्रोल आपोआप वाढवतो, कुणाला काही करावं लागत नाही, हे मला या पद्धतीतलं सगळ्यात देखणं वाटतं.

उलट बाजूने बघा. इंदुरात तेच १८० केपीए गाठायला टर्बोला हवा १.९ पट दाबावी लागते, बडोद्यात १.७८ पट. बाहेर ४० डिग्री आणि कॉम्प्रेसरची एफिशियन्सी ७० टक्के धरली तर कॉम्प्रेसरमधून हवा इंदुरात १३० डिग्रीच्या आसपास निघते, बडोद्यात १२० च्या. माळव्याच्या पठारावर टर्बो नेहमीच थोडा जास्त तापतो, म्हणून इंटरकूलरवर पैसे घालवायला इथे कंजुषी करू नये.

यातूनच फुकटात होणारी एक तपासणी. इग्निशन ऑन करा, इंजिन चालू करू नका, आणि लॅपटॉपवर मॅप बघा. इंदुरात ९५ च्या जवळ दिसायला हवं. १०१ दिसलं तर सेन्सरचं कॅलिब्रेशन चुकीचं आहे, पुढचं सगळं काम त्या चुकीवर उभं राहील. मोबाइलमधल्या हवामानाच्या अॅपशी मात्र ताडून बघू नका, तिथे दाब समुद्रसपाटीला आणून दाखवतात, त्यामुळे इंदुरातही १००५ मिलिबार, म्हणजे १००.५ केपीए, वगैरे दिसतं आणि माणूस गोंधळतो.

माझं म्हणणं एवढंच की व्हीईच्या टेबलला हात लावायच्या आधी सेन्सर आणि इंजेक्टरचे आकडे खरे करा. त्या टेबलमध्ये फक्त इंजिन किती भरतं एवढंच असायला हवं, दुसऱ्या कुणाची चूक त्यात लपवायची नाही. इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ, म्हणजे डेड टाइम, हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. वरच्याच इंजिनात आयडलला ३५ केपीए आणि व्हीई ५५ असेल तर पेट्रोलसाठी इंजेक्टर फक्त १.४ मिलिसेकंद उघडतो. डेड टाइम ०.२ ने चुकला तर आयडलला १४ टक्के फरक पडतो, आणि फुल बूस्टला जिथे १४.४ मिलिसेकंद आहेत तिथे दीड टक्कासुद्धा नाही. मग होतं काय, माणूस आयडलच्या खान्यांत व्हीई वरखाली करून लॅम्बडा एकवर आणतो आणि खूश होतो. रात्री घरी निघाला, हेडलाइट लावले, एसी लावला, सिग्नलला उभा असताना रेडिएटरचा पंखा सुरू झाला, व्होल्टेज १३.९ वरून १२.८ वर आलं. व्होल्टेज कमी की इंजेक्टर उघडायला जास्त वेळ, डेड टाइमचा तक्ता चुकलेला, मिश्रण लीन, आणि गाडी सिग्नलवर थरथरायला लागते. मग तो आयडल व्हॉल्व्ह साफ करतो, प्लग बदलतो, आणि खरा दोष व्होल्टेजच्या तक्त्यातच पडून राहतो.

पेट्रोलच्या प्रेशरचंही असंच. रेग्युलेटरला मॅनिफोल्डची व्हॅक्यूम लाइन जोडलेली असेल तर बूस्टबरोबर प्रेशर वाढतं आणि इंजेक्टरला फरक पडत नाही. प्रेशर ३.५ बारला फिक्स असेल तर ०.८५ बूस्टला इंजेक्टरच्या वाट्याला २.६५ च उरतं आणि पेट्रोल १३ टक्के कमी पडतं. ईसीयूला ते सांगायची सोय असेल तर सांगा, नसेल तर रेग्युलेटर बदला.

आणि तापमान. आपल्या मे महिन्यात हे फार छळतं. राऊच्या पुढे चहाला थांबलात, गाडी वीस मिनिटं उन्हात बंद, बॉनेटखाली सगळं भट्टीसारखं तापलेलं, सेन्सर अॅल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमध्ये बसवलेला असल्याने तोही तापलेला. चालू केली की लॉगमध्ये इनटेक ७० डिग्री दिसतं, आत खरी हवा ५० चीच येत असली तरी. ईसीयू बिचारा समजतो हवा विरळ आहे आणि सहा टक्के कमी पेट्रोल टाकतो. नेहमीचा लॅम्बडा ०.८२ असेल तर तो ०.८७ होईल, आणि महूच्या दिशेने निघताच कुणी पाय दाबला तर नॉकला (मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याला) आमंत्रण. उपाय साधे आहेत. सेन्सर मॅनिफोल्डमधून काढून इंटरकूलरनंतरच्या पाइपात, रबर किंवा प्लास्टिकच्या भागात बसवा, आणि टोक बंद पितळेचं असलेला घेऊ नका, तो फार हळू हलतो, उघड्या टोकाचा घ्या. बाकी उरलेलं ईसीयूमधल्या तापमान करेक्शनने सांभाळता येतं.

हे सगळं झालं की मग टेबल. आयडलच्या आसपास आणि बूस्ट सुरू होतो तिथे खाने जवळजवळ ठेवा, वर लांब लांब चालतील. आकार आधी अंदाजाने भरा, आयडलला ५०-६०, टॉर्कच्या आरपीएमला सगळ्यात जास्त, पुढे हळूहळू उतरता. मग गाडी गरम करून एकेका खान्यात थोडा वेळ स्थिर धरायची, शेजारी दुसरा माणूस लॅपटॉप घेऊन, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचंच नाही. सुपर कॉरिडॉरला पहाटे रस्ता मोकळा असतो, क्रूझचे खाने तिथे छान भरतात. दुरुस्तीचं सूत्र एका ओळीचं आहे, जुनी व्हीई गुणिले मोजलेला लॅम्बडा भागिले हवा असलेला लॅम्बडा. खान्यात ८२ आहे, हवा ०.९०, आला ०.९६, तर नवा आकडा ८७.५. यावेळी क्लोज्ड लूप बंद ठेवा, नाहीतर ईसीयू एकीकडून दुरुस्त करतोय आणि तुम्ही दुसरीकडून, आणि खरं काय ते कळतच नाही. वाइडबँडला एक्झॉस्ट पोचायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे पाय हलवतानाचे आकडे धरू नका.

सॉफ्टवेअर स्वतः टेबल सुधारतं, ते वापरा, पण शेवटी थ्रीडीमध्ये टेबल बघा. इंजिन भरण्याचा आकार गुळगुळीत असतो. मधेच एखादा खाना खड्ड्यासारखा किंवा टेकाडासारखा दिसला तर आधी लॉगवर संशय घ्या.

बूस्टच्या ओळी रस्त्यावर करू नका, हे मी अगदी मनापासून सांगतोय. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, पण तो मुख्यतः कंपन्यांच्या चाचण्यांसाठी, आपल्याला डायनोच (गाडी रोलरवर जागेवरच पळवून ताकद मोजायचं यंत्र) शोधावा लागतो. खालून सुरू करा, स्प्रिंगचाच बूस्ट, इग्निशन टायमिंग मुद्दाम मागे, मिश्रण आधी जरा जास्तच रिच, आणि नॉक ऐकायला काहीतरी लावलेलं. खालची ओळ बरोबर आली की तिचा कल बघून पुढची अंदाजाने भरा, मग तिथे जा. पुल मारताना, म्हणजे पूर्ण पाय दाबून आरपीएम चढवताना, लॅम्बडा ठरवल्यापेक्षा वर सरकला की पाय सोडा, पुढे काय होतं ते बघत बसू नका. आणि मॅप सेन्सरच्या हद्दीच्या बराच खाली बूस्ट कट लावून ठेवा, कारण २५० केपीएचा सेन्सर २५० च्या वर काही सांगतच नाही, हवा वाढत राहते आणि पेट्रोल तिथेच थांबतं. नॉक होत असेल तर दरवेळी पेट्रोल वाढवून दाबायचं नाही, बऱ्याचदा टायमिंग जास्त असतं. शिवाय असे बदल केले की कायदा, इन्शुरन्स, वॉरंटी यांचा विचार आधी करून ठेवा, नंतर नाही.

अॅक्सिलरेशन एनरिचमेंट, म्हणजे पाय दाबताना द्यायचं जादा पेट्रोल, सगळ्यात शेवटी, आणि खरंच शेवटी. अचानक पाय दाबला की दाब झटकन वाढतो, थोडं पेट्रोल मॅनिफोल्डच्या भिंतीला चिकटतं आणि क्षणभर लीन होतं, गाडी दचकते. टेबल चुकलेलं असताना हे लावलं तर ते टेबलची चूक भरून काढायला लागतं आणि दोन्ही बिघडतात. कोल्ड स्टार्टचं तर डिसेंबर-जानेवारीशिवाय करताच येत नाही, इंदूरची पहाट दहा डिग्रीच्या आसपास गेली की गाडी रात्रभर बाहेर ठेवायची आणि सकाळी एकच प्रयत्न मिळतो, इंजिन एकदा गरम झालं की पुढचा प्रयत्न दुसऱ्या दिवशी. त्यामुळे प्रत्येक सकाळचा लॉग आणि टेबल तारीख टाकून वेगळं सेव्ह करा, आणि एका सकाळी एकच आकडा बदला.